ज्या शब्दाचा उच्चार होत नाहीं

नागपूरच्या आग्नेयेस सुमारें ४० किलोमीटरांवर कुही हें तालुक्याचें गांव आहे. धान, कापूस, तूर आणि मिरची यांवर जगणारा हा मुलूख पूर्वेकडे वैनगंगेला जाऊन भिडतो. नाटकाचें वेड या मुलखाला पिढीजात आहे. दंडार आणि खडी गंमत पाहण्यासाठीं रात्र जागविणारीं माणसें याच मातींतलीं. आणि धान घरीं आलें कीं शेजारच्या झाडीपट्टींत आजहि रात्रभर नाटकें रंगतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनीं खंजिरीच्या तालावर भजनें गाऊन ग्रामसुधारणेची शिकवण ज्या विदर्भांत घरोघर पोंचविली, त्या विदर्भाला हें निराळें सांगावें लागत नाहीं कीं, जें व्याख्यानानें साधत नाहीं तें गाण्यानें आणि सोंगानें साधतें. महाराजांचा अंत १९६८ मध्यें कर्करोगानें झाला, आणि नागपुरांतील प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आज त्यांच्याच नांवानें ओळखलें जातें.

दंडारीची जागा आतां पुष्कळ अंशीं दूरचित्रवाणीनें घेतली आहे. दिवेलागणीनंतर, स्वयंपाकाचें काम आटोपतां आटोपतां, सासू, सून आणि नात अशा तीन पिढ्या एकाच पडद्यासमोर बसतात. ज्या विषयावर या तिघी एकमेकींशीं चार शब्दहि बोलल्या नसत्या, तो विषय पडद्यावरील परकीं माणसें त्यांच्या देखत बोलून दाखवितात. हें सामर्थ्य लहान नव्हे. म्हणूनच एक प्रश्न विचारण्याजोगा आहे. स्तनाचा कर्करोग झालेली स्त्री या पडद्यावर आली, तर ती कशी यावी? मरण्यासाठीं यावी, कीं जगण्यासाठीं?

हा प्रश्न केवळ कलेचा नाहीं. भारतांतील स्त्रियांस होणाऱ्या कर्करोगांत स्तनाचा कर्करोग पहिल्या क्रमांकावर आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजाप्रमाणें २०२२ या एका वर्षांत देशांत सुमारें १ लाख ९२ हजार स्त्रियांस हा रोग नव्यानें जडला, आणि सुमारें ९८ हजार स्त्रिया त्यानें दगावल्या. या दोन आकड्यांतील अंतर ज्या देशांत मोठें आहे, तेथें रोग सौम्य झाला आहे असें नव्हे. तेथें तो लवकर ओळखला जातो आणि त्यावरील उपचार शेवटास नेला जातो. आपल्याकडे हें अंतर लहान आहे, याचें एक मोठें कारण म्हणजे उशीर. आणि हा उशीर दवाखान्याच्या दारांत होत नाहीं. पुष्कळदां तो घरांतच होतो.

कुहीच्या एखाद्या शेतकरी घरांतील चाळीस-पंचेचाळीस वर्षांची स्त्री क्षणभर डोळ्यांपुढें आणावी. अंघोळ करतांना तिच्या हाताला छातींत वाटाण्याएवढी गाठ लागते. ती गाठ दुखत नाहीं, आणि घात येथेंच होतो. कष्टकऱ्यांच्या घरांतील वैद्यक सरळ आहे: दुखेल तेव्हां दवाखाना. ‘दुखत तं काईच नाई, मंग काहून जावं?’ हें तिचें म्हणणें अडाणीपणाचें नव्हे. पायांतल्या काट्यापासून बाळंतपणापर्यंत तिच्या शरीरानें तिला आजवर जें शिकविलें, त्याला तें धरूनच आहे. मग रोवणीचे दिवस येतात आणि बांधींतल्या चिखलांतून पाय निघत नाहीं. रोवणी संपते तों सण येतात. सणांमागून धानाची कापणी, कापणीमागून मिरचीचा तोडा, आणि तोड्याच्या पैशांवर ठरलेलें मुलीचें लग्न. वर्ष निघून जातें. वाटाण्याची सुपारी होते, सुपारीचें लिंबू होतें. या साऱ्या काळांत तिनें ती गोष्ट कोणालाहि सांगितलेली नसते. कारण सांगण्यासाठीं शब्द लागतो, आणि तो शब्द तिच्या घरांत उच्चारला जात नाहीं.

तिच्या दाराशीं कधींतरी आशाताई येते. तीस वर्षांवरील माणसांची जी माहिती सरकारी आरोग्य कार्यक्रमांत भरून घ्यावयाची असते, त्या कागदावर स्तनांत गाठ आहे काय, स्तनाग्रांतून रक्तमिश्रित स्राव येतो काय, आकारांत फरक पडला आहे काय, हे प्रश्न छापलेलेच आहेत. प्रश्न नेमके आहेत. परंतु ते ओसरीवर विचारले गेले, आणि तेथेंच बाजेवर सासरे बसलेले व उंबऱ्याशीं दीर उभा असला, तर त्यांचें उत्तर काय येणार? उत्तर ‘नाहीं’ असें येतें, आणि कागदावर तें तसेंच उमटतें. कागदानें आपलें काम केलें, आशाताईनें आपलें काम केलें, आणि गाठ जेथल्या तेथें राहिली.

हा शब्द इतका जड कां झाला, याचा विचार केला म्हणजे पडद्याकडे पुन्हा वळावें लागतें. आपल्या पडद्यावर कर्करोग आजवर आला तो बहुधा मृत्यूचा दूत म्हणून. १९७१ च्या ‘आनंद’ या हिंदी बोलपटांतील नायक हंसत हंसत मरणाला सामोरा गेला, आणि त्या हंसण्यानें दोन पिढ्यांच्या डोळ्यांत पाणी आणलें. त्या चित्राची थोरवी कोणी नाकारणार नाहीं. परंतु त्याच्या मागून आलेल्या असंख्य कथांनीं त्याचें हंसणें सोडलें आणि मरण तेवढें उचललें. रोगाचें नांव निघालें कीं वाद्यांचा करुण स्वर, रुग्णाच्या डोक्याला पांढरें फडकें, आणि शेवटीं हार घातलेली तसबीर, हा क्रम प्रेक्षकांच्या अंगवळणीं पडला. ज्या स्त्रीनें हा रोग फक्त असाच पाहिला, तिनें गाठीचें नांव घेऊं नये यांत नवल तें काय? तिच्या लेखीं नांव घेणें म्हणजे मरण बोलावणें.

हें मौन केवळ खेड्याचें आहे, असा समज मात्र शहरांतील सुशिक्षित कुटुंबांनीं करून घेऊं नये. बेटी रॉलिन ही अमेरिकेंतील एन.बी.सी. या संस्थेची वार्ताहर. जगाची बातमी जगाला सांगणें हाच तिचा व्यवसाय. तिच्या स्तनांत गाठ लागल्यावरहि सुमारें वर्षभर रोगाचें निदान झालें नाहीं, आणि १९७५ मध्यें तिला एक स्तन गमवावा लागला. पुढील वर्षीं तिनें ‘फर्स्ट, यू क्राय’ या नांवाचें पुस्तक लिहिलें. आधीं रडूं येतें, असा त्या नांवाचा आशय. १९७८ मध्यें सी.बी.एस. वाहिनीनें त्या पुस्तकावरून दूरचित्रवाणीसाठीं नाट्यपट केला आणि बेटीची भूमिका मेरी टायलर मूर हिला दिली. ही निवड अर्थपूर्ण होती. अमेरिकेंतील घराघरांनीं ही नटी विनोदी मालिकांतून वर्षानुवर्षें हंसतांना पाहिलेली. तिला काय होईल अशी धास्ती आजवर कोणास वाटलेली नव्हती. तिच्या तोंडून हा विषय घरांत शिरला तो परका म्हणून नव्हे, ओळखीचा म्हणून शिरला.

त्यापूर्वींच, १९७४ च्या सप्टेंबर महिन्यांत, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांची अशीच शस्त्रक्रिया झाली होती, आणि त्यांनीं ती गोष्ट देशापासून लपविली नव्हती. त्यानंतर तपासणीसाठीं पुढें येणाऱ्या स्त्रियांची संख्या इतकी वाढली कीं, रोगाच्या नोंदींत तो चढ स्पष्ट दिसतो. रोग वाढला नव्हता. बोलणें वाढलें होतें. बेटी रॉलिन हिच्या दुसऱ्या स्तनांतहि १९८४ मध्यें रोग निघाला, आणि तरीहि ती २०२३ पर्यंत, म्हणजे पहिल्या शस्त्रक्रियेनंतर सुमारें ४८ वर्षें, जगली. नाटकाला जें दाखवितां आलें नव्हतें तें तिच्या आयुष्यानें दाखविलें.

या विषयावरील नाटकांत अधिक अलीकडचें आणि अधिक धीट म्हणजे बी.बी.सी.नें २०१५ च्या मे महिन्यांत दाखविलेलें ‘दि सी वर्ड’. या नांवांतच सारें आहे. इंग्रजींत ज्या रोगाचें नांव ‘सी’ या अक्षरानें सुरू होतें, त्याचा पुरा उच्चार टाळून लोक नुसतें अक्षर घेतात. जसें आपल्याकडे ‘तो आजार’, ‘मोठें दुखणें’ किंवा हलक्या आवाजांत ‘तिला तें झालं आहे’ असें म्हणतात. कुहीची ओसरी आणि लंडनची बैठक या बाबतींत फारशा दूर नाहींत.

या नाटकामागील स्त्री खरी होती. लिसा लिंच ही लंडनमध्यें राहणारी, मासिकाच्या संपादनाचें काम करणारी तरुणी. २००८ मध्यें, वयाच्या २८ व्या वर्षीं, तिला स्तनाचा कर्करोग असल्याचें कळलें. इतक्या लहान वयांत हा रोग होत नाहीं, अशी समजूत असणाऱ्यांपैकींच तीहि होती. तिनें त्या दिवसांपासून आपली हकीकत सर्वांस वाचतां येईल अशी लिहावयास आरंभ केला, आणि २०१० मध्यें तिचें पुस्तक निघालें. रोग कांहीं काळ दबला. पुढें तो शरीरांत अन्यत्र उद्भवला, आणि २०१३ च्या मार्चमध्यें, ३३ व्या वर्षीं, ती वारली. तिच्या लेखनावरून निकोल टेलर हिनें नाटक लिहिलें. लिसाची भूमिका करणाऱ्या शेरिडन स्मिथ या नटीनें त्यासाठीं आपल्या डोक्याचे केस खरोखरच काढविले.

लिसा शेवटीं वारली, तेव्हां हें नाटक म्हणजे पुन्हा मरणाचीच कथा नव्हे काय, असें कोणी विचारील. तसें नाहीं. या नाटकाचा विषय मरण नसून मधले दिवस हा आहे. रसायनोपचारानें येणारी ओकारी, उशीवर सांपडणारे केस, कृत्रिम केसांचा टोप घालतांना येणारी लाज आणि त्याच लाजेवर तिनें केलेली थट्टा. धीर देणारा नवरा आणि मुलीपुढें रडावयाचें नाहीं म्हणून कष्टानें सांवरणारे आईबाप. आणि उपचार संपल्यावर सगळ्यांस हायसें वाटत असतांना तिला मात्र पोकळ वाटणें, हें सारें तेथें आहे. ती रागावते, कुचेष्टा करते, हट्ट करते. सोशिकपणाची मूर्ति होण्याचें ती साफ नाकारते. रोग झालेली बाई ही रोग होण्यापूर्वींचीच बाई असते, तिचा स्वभाव, तिची हौस, तिची चेष्टेखोर जीभ शस्त्रक्रियेंत कापली जात नाहीं, हें या नाटकानें दाखविलें. आणि ‘रोगासह जगणें’ या शब्दांचा अर्थ तोच आहे.

अशा कथांनीं प्रत्यक्षांत कांहीं घडतें काय, ही शंका रास्त आहे. इंग्लंडांत १९६० पासून चालत आलेल्या ‘कॉरोनेशन स्ट्रीट’ या मालिकेंत २००९ च्या अखेरीस एका पात्राला स्तनाचा कर्करोग झाल्याचें दाखविण्याचें ठरलें. ती भूमिका करणाऱ्या सॅली डायनेव्हर या नटीनें त्या कथेमुळें स्वतःची तपासणी करून घेतली, आणि तिला खरोखरच तो रोग असल्याचें निघालें. तिनें उपचार घेतले, ती बरी झाली आणि पुढल्या वर्षीं त्याच मालिकेंत परत आली. ज्या नाटकानें परक्यांस जागें करावयाचें, त्यानें प्रथम आपल्याच नटीला जागें केलें. अमेरिकेंतील स्पॅनिश भाषेच्या एका मालिकेंत २००३ मध्यें असाच प्रसंग आला, आणि त्याबरोबर कर्करोगाची माहिती देणाऱ्या सरकारी सेवेचा दूरध्वनि क्रमांक सांगण्यांत आला; तेव्हां त्या सेवेकडे स्पॅनिश बोलणाऱ्यांची विचारणा लक्षांत येण्याइतकी वाढली. यांतील मर्म त्या क्रमांकांत आहे. नाटकानें भीति दाखवून सोडून दिलें तर प्रेक्षक डोळे मिटून घेतो. भीतीबरोबर पुढचें पाऊल दाखविलें तर तो उठतो.

मग कुहीच्या स्त्रीला दाखविण्याजोगें पुढचें पाऊल कोणतें? याचें उत्तर शोधण्यासाठीं इंग्लंड-अमेरिकेस जाण्याचें कारण नाहीं. तें मुंबईंत सांपडतें. १९४१ मध्यें उघडलेल्या टाटा स्मारक रुग्णालयानें १९९८ मध्यें मुंबईंतील झोपडवस्त्यांतून ३५ ते ६४ वर्षांच्या दीड लाखांवर स्त्रियांचा एक अभ्यास हातीं घेतला. निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनीं, असें चार वेळां, आरोग्यसेविकांनीं स्त्रियांचे स्तन हातानें तपासले. उरलेल्या वस्त्यांत केवळ माहिती देण्यांत आली. या सेविका डॉक्टर नव्हत्या. शालेय शिक्षण झालेल्या व या कामापुरत्या शिकवून तयार केलेल्या साध्या स्त्रिया होत्या. त्यांच्याजवळ यंत्र नव्हतें, बोटें होतीं. २०२१ मध्यें या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या वस्त्यांत रोग अधिक लवकरच्या अवस्थेंत सांपडला, आणि ५० वर्षांवरील स्त्रियांत या रोगानें होणारे मृत्यु सुमारें ३० टक्क्यांनीं कमी झाले. पन्नाशीच्या आंतील स्त्रियांत मृत्यूंची अशी घट दिसली नाहीं, हेंहि प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. त्या वयांत स्त्रीनें स्वतःच्या शरीरांतील बदलाची दखल घेणें आणि तो बदल वेळेवर बोलून दाखविणें याला अधिकच महत्त्व आहे. तात्पर्य, वाट पाहावयाची ती महागड्या यंत्राची नव्हे. शिकलेला हात उपकेंद्रांत असूं शकतो. त्याच्यापुढें येऊन बसणारी स्त्री तेवढी हवी.

तिला येऊं न देणाऱ्या समजुतीहि नाटकानेंच दूर केल्या पाहिजेत. पहिली समजूत अशी कीं, गाठ म्हणजे कर्करोगच. बहुसंख्य गाठी कर्करोगाच्या नसतात. परंतु कोणती आहे आणि कोणती नाहीं, हें घरांत बसून ठरवितां येत नाहीं. दुसरी समजूत, सुई टोंचून गाठीचा तुकडा काढला कीं रोग पसरतो. हें खरें नाहीं. त्या तपासणीवांचून योग्य उपचारच ठरत नाहीं. तिसरी आणि सर्वांत जुनी समजूत, दवाखान्यांत गेलें कीं स्तन कापून टाकणार. या भीतीला इतिहास आहे. अमेरिकन शल्यवैद्य विल्यम हॉल्स्टेड यांनीं १८८२ पासून रूढ केलेल्या शस्त्रक्रियेंत स्तनाबरोबर छातीचे स्नायूहि काढले जात, आणि सुमारें पाऊण शतक तीच सर्वत्र चालली. पुढें इटलींत उम्बेर्तो व्हेरोनेसी यांनीं आणि अमेरिकेंत बर्नार्ड फिशर यांनीं केलेल्या पद्धतशीर तुलनांचे निष्कर्ष १९८१ व १९८५ मध्यें प्रसिद्ध झाले. गाठ लहान असतां तेवढीच काढून वर किरणोपचार दिला, तर स्त्री तितकींच वर्षें जगते, असें त्यांवरून सिद्ध झालें. म्हणजे जी स्त्री स्तन वांचविण्यासाठीं गाठ लपविते, तीच लपविण्यामुळें तो गमावण्याचा संभव वाढविते. ही एक गोष्ट घरोघर कळली, तरी पुष्कळ काम होईल.

मराठींत या विषयाला वाट करून देणारें लेखन नाहीं, असेंहि नव्हे. तें करणारीं माणसें आपल्यांत आहेत. ‘रीटा वेलिणकर’ या मराठी कादंबरीच्या लेखिका शांता गोखले यांनीं २०१९ मध्यें प्रसिद्ध झालेलें आपलें इंग्रजी आत्मकथन शरीराच्या आधारानें सांगितलें आहे. दांत, डोळे, बाळंतपण अशा देहाच्या वाटचालींत स्तनाचा कर्करोगहि त्यांत येतो, तो आयुष्याचा शेवट म्हणून नव्हे, तर आयुष्यांतील एक प्रकरण म्हणून. ज्या संयमानें आणि ज्या मिस्किलपणानें तें प्रकरण सांगतां येतें, त्याच रीतीनें तें पडद्यावर मांडण्यास मराठी नाटककारांस कोणती अडचण असावी?

अशी मराठी मालिका निघाली, तर तिच्यांतील नायिका मुंबईच्या उंच इमारतींतच राहणारी असावी असें नाहीं. ती कुहीची असूं शकते. तिच्या कथेंत नाट्य आणण्यासाठीं कटकारस्थान रचावें लागणार नाहीं. नाट्य तिच्या रोजच्या हिशेबांतच भरलेलें आहे. रसायनोपचाराची पाळी बहुधा तीन आठवड्यांनीं एकदां येते. त्या प्रत्येक पाळीला नागपूरची बस पकडावयाची, बरोबर कोणी यावयाचें, आणि येणाऱ्याची त्या दिवसाची मजुरी बुडावयाची. किरणोपचार तीन ते पांच आठवडे जवळजवळ रोज चालतो. तेवढे दिवस नागपुरांत कोणाकडे राहावयाचें, घरीं गाईचें दूध कोणी काढावयाचें, मुलाच्या डब्याला काय द्यावयाचें? शासनाच्या महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेंत कर्करोगावरील शस्त्रक्रिया, रसायनोपचार आणि किरणोपचार यांचा समावेश आहे. परंतु बसचें भाडें, बुडालेली मजुरी आणि मोडलेला संसार यांची भरपाई कोणत्याहि योजनेच्या कागदावर मावत नाहीं. पुष्कळ स्त्रिया उपचार अर्ध्यावर सोडतात त्या भीतीनें नव्हे, तर या हिशेबानें. हा हिशेब पडद्यावर मांडला गेला, तर पाहणाऱ्या नवऱ्याला, दिराला आणि शेजारणीला आपापलें काम दिसेल. डोळे पुसणें हें काम नव्हे. गाईचें दूध काढणें हें काम आहे.

आणि उपचार संपल्यावर कथा संपूं नये. कारण जगणें तेथून सुरू होतें. गळलेले केस पुन्हा येतात. पुष्कळ स्त्रियांस पांच ते दहा वर्षें रोज एक गोळी घ्यावी लागते. ती गोळी चुकविणें म्हणजे शत्रूला खिडकी उघडून देणें. काखेंतील गाठी काढलेल्या हाताला सूज येण्याचा संभव असतो. त्या हाताला जखम, चटका किंवा जंतूंचा उपसर्ग होऊं नये म्हणून जपावें लागतें, आणि शिकविलेला व्यायाम नेमानें करावा लागतो. रोवणींत आणि मिरचीच्या तोड्यांत ज्या हातावर घर चालतें, त्या हाताची ही गोष्ट आहे. तिला ‘आतां तूं कांहीं करूं नकोस’ असें म्हणून कोपऱ्यांत बसविणें ही दया नव्हे, आणि ‘बरी झालीस ना, मग चल’ म्हणून पुन्हा पहिल्यासारखेंच राबविणें हाहि न्याय नव्हे. या दोहोंच्या मधला मार्ग कुटुंबानें शोधून काढावयाचा असतो. तो शोध म्हणजेच या नाटकाचा उत्तरार्ध.

एवढें मात्र ध्यानांत ठेवलें पाहिजे कीं, धीट आणि हंसऱ्या नायिकेचेंहि एक ओझें होऊं शकतें. लिसा लिंच हिच्यासारखी थट्टा सर्वांस साधत नाहीं, आणि ती साधली नाहीं म्हणून कोणी कमी पडली असें होत नाहीं. लिसाहि वांचली नाहीं. तिच्या हिंमतींत कांहीं उणें होतें म्हणून नव्हे, तर रोग कधीं कधीं माणसाहून बलवान ठरतो म्हणून. चांगल्या नाटकानें खोटी आशा विकूं नये. त्यानें एवढेंच दाखवावें कीं, लवकर बोलणाऱ्या स्त्रीच्या हातीं अधिक वाटा असतात, आणि वाटा कमी उरल्या तरी उरलेले दिवसहि तिचेच असतात.

शहरांतील सुशिक्षित घरांनीं या बाबतींत वाट दाखविण्यासारखी आहे. पण त्यासाठीं आधीं आपल्याच घरांतील ओसरी ओळखली पाहिजे. ज्या घरांत मधुमेहाची चर्चा जेवतांना मोकळेपणें होते, त्याच घरांत आईनें शेवटचे स्तन केव्हां तपासून घेतले, हें मुलीला ठाऊक नसतें, आणि मुलगा तर तो विषय निघतांच उठून जातो. घरीं धुण्याभांड्यांस येणाऱ्या बाईला तिच्या मुलाच्या शाळेची फी विचारली जाते. तिच्या शरीराविषयीं विचारण्याचें धैर्य मालकिणीला होत नाहीं. पदवीनें शब्दसंग्रह वाढतो. हा एक शब्द मात्र बहुतेक पदव्यांतून निसटलेला आहे.

म्हणून एखाद्या संध्याकाळीं कुहीच्या त्या घरांत पडद्यावर अशी एक स्त्री यावी, जी गाठ लागल्यावर दाराआड रडते आणि मग दार उघडते. तिला पाहतांना तिन्ही पिढ्या गप्प राहतील. सासू पदर सांवरील, नात जमिनीकडे पाहील. मालिका संपेल, जाहिराती लागतील. आणि भांडीं आवरतांना सून हलकेंच म्हणेल, ‘आत्याबाई, मले एक गोष्ट सांगाची हाय.’ तेवढें एक वाक्य त्या घरांत उच्चारलें गेलें, तर नाटक सार्थकीं लागलें. कारण त्यानंतरची सकाळ आशाताईच्या दारावरून उपकेंद्राकडे आणि तेथून नागपूरच्या बसकडे जाते, आणि तो रस्ता कुहीला माहीत आहे.